साडीगार्ड काढून टाकू का?

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने मोटारसायकल घेतली. पहिला पगार सुरू झाल्यापासून पोराचं ते स्वप्न होतं. भाऊ कामात होता, म्हणून गाडी आणायला सोबत मी गेले. शोरूमच्या मागच्या अंगणात गाडी धुऊन पुसून उभी केलेली. नारळ फोडून झाला, पेढ्याचा बॉक्स फिरला. मग हातात पाना घेऊन एक मुलगा गाडीजवळ बसला आणि सहज म्हणाला, "दादा, साडीगार्ड काढून टाकू का? गाडीचा लुक जातो. सगळेच काढतात."

भाचा 'हो' म्हणणारच होता. मी ओरडले, "हात नको लावूस त्याला!"

आवाज एवढा मोठा निघाला, की पलीकडे फॉर्म भरणारे दोघेजण वळून बघायला लागले. तो मुलगा घाबरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही टीचर आहात का?"

मी टीचर आहेच. उर्दू आणि मराठी शिकवते, बावीस वर्षं झाली. पण तो आवाज वर्गातला नव्हता. तो 2003 सालातला होता.

माझी आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. 2003 च्या मे महिन्यात ती दुल्हेभाईंबरोबर सोलापूरहून नळदुर्गला एका निकाहसाठी निघाली होती. गाडी नवी, जेमतेम चार महिन्यांची. आपा मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, जशा आपल्याकडच्या बायका बसतात. मांडीवर मिठाईचं खोकं, एक हात सीटच्या कडेला. अंगावर नवी शिफॉनची ओढणी होती, लांब आणि हलकी. हायवेला लागल्यावर वाऱ्याने ओढणीचं टोक मागे गेलं आणि मागच्या चाकाच्या तारांत अडकलं.

चाकाला काय, ते फिरत राहिलं. दुल्हेभाईंना फक्त एवढं कळलं, की गाडी एकदम जड झाली. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा आपा रस्त्यावर होती.

जीव वाचला, अल्लाहचं करम. गळ्याभोवतीची गाठ सैल होती म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. कमरेचं हाड मोडलं, उजव्या हाताचा कोपर मोडला. दोन ऑपरेशनं झाली. कोपर पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही. आपा शिवणकाम करायची. मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरींचे ईदचे कपडे तिच्या मशीनवर शिवले जायचे. ती मशीन नंतर चादर घालून कोपऱ्यात गेली.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकाने सफरचंदं आणली आणि सोबत एक वाक्य आणलं. चाची म्हणाल्या, "ओढनी संभाल के बैठना नै आता क्या, बेटी?" आपाच्या सासूबाई म्हणाल्या, शिफॉन नेसून कोणी गाडीवर बसतं का. शेजारच्या खाला म्हणाल्या, बुरखा असता तर असं झालं नसतं. त्यांना कोणीतरी हळूच सांगितलं, की बुरख्याचा घेरही चाकात जातो, तेव्हा त्या गप्प झाल्या. आमच्या अब्बांनी 'किस्मत' एवढाच शब्द उच्चारला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सगळ्यांत आधी ते वाक्य मान्य केलं आपानेच. "चूक माझीच झाली," ती म्हणाली. पुढची वीस वर्षं ती हेच म्हणत आली. घरात कुठलीही मुलगी गाडीवर बसायला निघाली, की आपा दारापर्यंत येते, तिची ओढणी पुढे ओढून कमरेला गाठ मारते आणि म्हणते, "माझ्यासारखी बेअक्कल होऊ नकोस." ती स्वतः त्या दिवसानंतर मोटारसायकलवर बसलेली नाही.

त्या गाडीला साडीगार्ड नव्हतं. गाडी घेताना दुल्हेभाईंनी विचारलं होतं. विक्रेत्याने सांगितलं, ते ॲक्सेसरीजमध्ये येतं, वेगळे पैसे पडतील. हप्ते, विमा, पासिंग यांनी खिसा आधीच रिकामा झालेला. पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तरीही सगळी चर्चा ओढणीवरच झाली. चाकाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. मीही नाही.

मी तेव्हा नुकतीच बी.एड. होऊन नोकरीला लागले होते. बी.एड.ला मूल्यमापनाच्या तासाला आमच्या बाईंनी एक गोष्ट शिकवली होती. प्रश्नपत्रिकेतला एखादा प्रश्न एका मुलाने चुकवला, तर त्या मुलाकडे बघा. तोच प्रश्न निम्म्या वर्गाने चुकवला, तोही एकाच पद्धतीने, तर प्रश्नाकडे बघा. प्रश्न ज्याने काढला त्याने तो असा काढला आहे, की मुलं तिथे अडखळणारच. अशा वेळी मुलांचे गुण कापणारा शिक्षक आपली जबाबदारी मुलांच्या पाठीवर टाकतो.

हे मी वर्गात दरवर्षी वापरत आले. दवाखान्यात वापरायचं सुचलं नाही.

सुचलं ते फार उशिरा. माझा एक जुना विद्यार्थी आता वकिली करतो. दोन वर्षांपूर्वी तो घरी ईद मिलायला आला होता. शीरखुर्मा खाता खाता आपाचा विषय निघाला. त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "टीचर, साडीगार्ड न लावता गाडी दिली कशी त्यांनी? तो नियम आहे."

मी म्हटलं, "कसला नियम?"

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989. त्यातला 123 वा नियम. प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं. ते कशासाठी, हेही नियमातच लिहिलंय. मागे बसलेल्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून.

मी तो नियम तीनदा वाचला. म्हणजे आपाच्या ओढणीचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवला होता. असं होऊ शकतं, होतं, आणि ते थांबवण्याचा उपाय एक जाळीचं आवरण आहे, एवढं सगळं कागदावर होतं. ज्याला आम्ही बेअक्कलपणा म्हणत आलो, त्याला कायद्याने गाडी बनवणाऱ्याचं काम म्हटलं होतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मला वाटायचं, अपघातानंतर दोनच माणसं कोर्टात उभी राहतात, धडकणारा आणि धडक बसलेला. गाडी बनवणारा तिसरा माणूसही तिथे उभा राहू शकतो, हे शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका माणसाच्या ब्यूक गाडीचं चाक चालता चालता मोडलं. चाकाचे आरे लाकडी होते आणि लाकूड कच्चं होतं. कंपनी म्हणाली, आम्ही गाडी डीलरला विकली, तुमच्याशी आमचा करारच नाही. 1916 मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हे अमान्य केलं. निष्काळजीपणे बनवली तर जी वस्तू माणसाच्या जिवावर बेतू शकते, ती बनवणाऱ्याची जबाबदारी डीलरच्या दाराशी संपत नाही, ती वापरणाऱ्यापर्यंत येते.

पुढचं पाऊल 1968 चं. शेव्हरले कॉर्व्हेअर गाडीची समोरासमोर टक्कर झाली आणि स्टिअरिंगचा दांडा मागे घुसून चालवणाऱ्याच्या डोक्याला लागला. जनरल मोटर्सचं म्हणणं होतं, की गाडी धडकण्यासाठी बनवलेली नसते. अपील कोर्टाने सांगितलं, की रस्त्यावर गाड्या धडकतात हे सगळ्यांना माहीत आहे. मग ती धडक लक्षात घेऊनच गाडीची रचना करायला हवी. टक्कर डिझाइनमुळे झाली नसेल, पण टक्करीत जखम वाढली ती डिझाइनमुळे असेल, तर तेवढ्या जखमेचा जाब कंपनीने द्यायचा.

हे वाचताना मला आमच्या बी.एड.च्या बाई आठवल्या. मुलं कुठे अडखळणार हे ठाऊक असेल, तर प्रश्न तसा काढू नये.

आणि मग ती फोर्ड पिंटो. पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या पलीकडे, बंपरजवळ होती. मागून धक्का बसला की टाकी फुटायची. 1972 मध्ये कॅलिफोर्नियात हायवेवर एक पिंटो बंद पडली, मागच्या गाडीची धडक बसली आणि पेटली. चालवणाऱ्या बाई दगावल्या. शेजारी बसलेला तेरा वर्षांचा मुलगा चेहऱ्यासकट भाजला. तो जगला, आणि त्याने खटला लढला. कोर्टात पुढे आलं, की कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांतच टाकीचा हा दोष दिसला होता. सुधारणेचे उपायही माहीत होते. त्यांचा खर्च गाडीमागे काही डॉलरपासून सुमारे पंधरा डॉलरपर्यंत होता. 1978 मध्ये ज्यूरीने मुलाला पंचवीस लाख डॉलरच्या वर भरपाई दिली आणि शिक्षा म्हणून आणखी साडेबारा कोटी डॉलर. न्यायाधीशांनी शिक्षेची रक्कम पस्तीस लाखांवर आणली आणि 1981 मध्ये अपील कोर्टाने ती कायम ठेवली. दरम्यान 1978 मध्येच कंपनीने सुमारे पंधरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

त्याच गाडीवरून इंडियाना राज्यात फौजदारी खटलाही झाला, आणि 1980 मध्ये तिथे कंपनी निर्दोष सुटली. हेही सांगायला हवं. कारखाना चालवणारी सगळी माणसं खुनी आहेत, असं माझं म्हणणं नाही. कोर्टाने विचारलेला प्रश्न साधा होता. धोका माहीत होता का? उपाय होता का? तो परवडणारा होता का? आणि तरी केला नसेल तर का?

हे चार प्रश्न मी आपाच्या गाडीला लावून पाहिले. त्या रात्री झोप लागली नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय सांगता, आपल्याकडे कोण ऐकतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आपल्याकडचाही एक निकाल आहे. दिल्ली-पानिपत हायवेवर नोव्हेंबर 2017 मध्ये एका ह्युंदाई क्रेटा गाडीला अपघात झाला. पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. मालकाला डोकं, छाती आणि दातांना दुखापत झाली. कंपनी म्हणाली, एअरबॅग उघडण्याइतका जोराचा धक्का बसलाच नाही. प्रकरण दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 20 एप्रिल 2022 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की एअरबॅग असलेली गाडी घेणारा माणूस समोरून टक्कर झाली की त्या उघडतील असंच धरून चालतो. वेग आणि बलाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ तो असावा, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. तीन लाख रुपयांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

गाडी घेणारा तज्ज्ञ असावा अशी अपेक्षा नाही, यावर मी बराच वेळ थांबले. माझी आपा दहावी शिकलेली. चाकाचा वेग, वाऱ्याची दिशा, शिफॉनचं वजन यांचा हिशोब तिने मांडायचा होता, अशी आमच्या साऱ्या घराची अपेक्षा होती.

आता तर कायदाही स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरणच आहे. वस्तू तयार करताना दोष राहिला, तिच्या रचनेतच दोष असला किंवा वापराबद्दल पुरेशा सूचना दिल्या नाहीत, आणि त्यातून इजा झाली, तर बनवणाऱ्याकडे भरपाई मागता येते. विकणाऱ्याने वस्तूत बदल केला आणि त्या बदलामुळे इजा झाली, तर विकणाराही सुटत नाही. मात्र वापरणाऱ्यानेच बदल केला असेल, तर बाजू उलटते. म्हणून शोरूममधल्या त्या 'काढू का'ला आपण 'हो' म्हटलं, की उद्याच्या भांडणात 'बदल कोणी करायला सांगितला' याचं उत्तर आपल्याच तोंडून गेलेलं असतं.

वकील विद्यार्थ्याने आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहून ठेवते. कोणाच्या तरी उपयोगी पडतील. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही ती करता येते, कंपनीच्या शहरात धावायची गरज नाही. बिल, वॉरंटीचं पुस्तक, दवाखान्याचे कागद, फोटो सांभाळून ठेवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी तशीच ठेवायची. घाईने दुरुस्त करायची नाही, भंगारात घालायची नाही, कारण सगळ्यात मोठा साक्षीदार तीच असते.

आपाच्या अपघातानंतर तिसऱ्या दिवशी दुल्हेभाईंनी गाडी गॅरेजला दिली. चाकातून ओढणीच्या चिंध्या कापून काढल्या. सहा महिन्यांनी गाडी विकून टाकली, तिचं तोंड बघवत नाही म्हणून. दोन वर्षांची मुदत केव्हाच सरली. आता कोणाकडे काही मागता येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग हे सगळं उकरून काय मिळवलंस, असं भाऊ म्हणाला. किस्मतीत होतं ते झालं, ईमान ठेव.

ईमान आहेच. पण उंट आधी बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायची शिकवण आम्ही नेहमी आपालाच ऐकवली. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढणारे आणि 'हा वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता' असं व्यापाऱ्याला विचारणारेही आपलेच पैगंबर आहेत, हे आम्हाला त्या वेळी आठवलं नाही. उंट बांधायची जबाबदारी घेणाऱ्याची असेल, तर दोरी कच्ची नसावी ही जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

आणि मला आणखी एक गोष्ट बोलायची आहे. साडीगार्ड हे नावच बघा. साडी, ओढणी, बुरखा. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर या देशातल्या लाखो बायका रोज बसतात, एका बाजूला पाय सोडून, कडेवर मूल घेऊन. गाडी ज्या रस्त्यावर विकायची, तिथल्या बाईच्या अंगावर काय असतं हे बनवणाऱ्याला कळायला हवं. बायकांनी गाडीप्रमाणे कपडे बदलावेत, असं म्हणणं सोपं असतं. गाडीने बायकांप्रमाणे बदलावं, हे म्हणायला एक नियम लागला. आणि तो नियमही 'लुक जातो' या दोन शब्दांत पान्याने काढून टाकता येतो.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी आपा बघायला आली. भाच्याने गाडी पुसून दारात लावली होती. आपाने चारी बाजूंनी फिरून पाहिली आणि मागच्या चाकाशी थांबली.

मी तिला सगळं सांगितलं. नियम 123, त्यातली कपड्यांबद्दलची ओळ, ब्यूकचं चाक, तो भाजलेला मुलगा. मी शिक्षिका आहे, थोडं जास्तच सांगते. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी मी म्हणाले, "आपा, तुझी चूक नव्हती. प्रश्नच चुकीचा काढला होता."

दुल्हेभाई ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाले, "मी घ्यायला पाहिजे होतं ते." वीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. आपा त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही विचारलं तर होतं ना."

मग ती वाकली. डावा हात गाडीला टेकवून, उजवा हात जेवढा पुढे जातो तेवढा नेऊन तिने साडीगार्डवरून बोटं फिरवली. एखाद्या कापडाचा पोत बघावा तशी.

"केवढ्याला येतं हे?" तिने विचारलं.

"गाडीबरोबरच येतं, आपा," मी म्हणाले. "वेगळे पैसे नसतात."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग भाच्याला म्हणाली, "याचा नट तेवढा दर महिन्याला बघत जा. ढिला होऊ देऊ नकोस."